नाताळ म्हणजे वाढदिवस

आमच्या आजीला कोणी वय विचारले की ती बोटे मोजीत बसत नसे. "इन्फ्लुएंझाच्या साली, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी," एवढे सांगून ती मोकळी होई. जन्मतारीख नावाची वस्तू तिच्या संग्रही नव्हती आणि तिच्यावाचून तिचे कधी अडलेही नाही. पुढे नोकरीच्या निमित्ताने मी मडगावात बिऱ्हाड केले. शेजारी एक कॅथलिक कुटुंब राहत असे. त्या घरातील म्हातारीलाही मी एकदा बोलता बोलता तिचा वाढदिवस विचारला. ती म्हणाली, "गोंयच्या सायबाच्या फेस्ताचा आदला दिवस." मग जरा थांबून, मला अडाणी समजून समजावणीच्या सुरात तिने पुढे सांगितले की, तो काही तिचा खरा दिवस नव्हे. तिचा खरा दिवस आणखी दोन दिवसांनी येतो. तिला ज्या संतिणीचे नाव ठेवले त्या संतिणीचा तो दिवस. घरात गोड होते ते त्या दिवशी.

त्या वेळी मला या उत्तराची मौज वाटली आणि मी ते विसरूनही गेलो. पण पुढे जसजसे वाचीत गेलो तसतसे ध्यानात आले की, म्हातारीच्या त्या दोन वाक्यांत जवळजवळ दोन हजार वर्षांचा इतिहास बसला होता. माणसाने आपला म्हणून कोणता दिवस पाळावा? या जगात आला तो, नाव मिळाले तो, की हे जग सोडले तो? हिवाळ्यातले कॅथलिक सण आणि घरातले वाढदिवस यांची सारी कथा या एका प्रश्नाभोवती फिरते. आणि हा प्रश्न मराठी माणसाला मुळीच परका नाही.

आता हेच पाहा. दिवाळीचे कंदील उतरतात, तुळशीचे लग्न लागते, आणि महिन्याभरात आळंदीची वाट माणसांनी फुलून जाते. १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, तो तो दिवस. साधारण त्याच सुमारास, २४ नोव्हेंबरला, जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चपुढे नऊ दिवसांच्या प्रार्थनांना आरंभ होतो आणि ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त भरते. तेथेही माणसे दूरदूरच्या गावांहून पायी चालत येतात. तेथेही चणे-फुटाण्यांची, खाज्याची, मेणबत्त्यांची दुकाने लागतात आणि पोरे हरवतात व सापडतात. झेवियरचा जन्म ७ एप्रिल १५०६ चा, स्पेनमधील नाव्हारा प्रांतातला. त्या ७ एप्रिलला गोव्यात मंडप उभारला जात नाही. तो ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर तापाने गेला, तो दिवस गोव्याने आपला मानला.

आपली रीतही हीच. देवांचे आपण जन्म साजरे करतो: रामनवमी, गोकुळाष्टमी. संतांच्या मात्र पुण्यतिथ्या. तुकारामबीज, दासनवमी, आळंदीची त्रयोदशी. भजने, काला, महाप्रसाद, सारे त्याच दिवशी. जुन्या ख्रिस्ती पंचांगातील व्यवस्था काढून पाहिली तर ती थेट अशीच आहे. देवाचा जन्म आणि संतांचे प्रयाण. दोन्ही घरांनी एकमेकांना न विचारता एकच वाट धरली होती.

नाताळ हा शब्द आपण रोज वापरतो. तो पोर्तुगीजांकडून आला; त्यांच्या भाषेत 'नाताल', आणि त्याच्या पोटी लॅटिनमधला 'नातालिस'. नातालिस म्हणजे जन्माचा, जन्मदिवसाचा. तेव्हा नाताळ म्हणजे शब्दशः वाढदिवस. रोमन गृहस्थ आपला नातालिस मोठ्या हौसेने करीत असे. घरातल्या देवापुढे धूप जाळायचा, मद्य आणि पोळी वाहायची, आणि आपल्या पाठीराख्या आत्म्याला आणखी एका वर्षाची रखवाली मागायची. इंग्लंडच्या उत्तर सीमेवर विंडोलँडा या रोमन ठाण्याच्या उत्खननात लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर लिहिलेली पत्रे सापडली आहेत. त्यांतील एक इ.स. १०० च्या आसपासचे. क्लाउडिया सेवेरा नावाची एक अधिकाऱ्याची बायको दुसऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोला, सुल्पिसिया लेपिडिनाला, ११ सप्टेंबरला आपल्या वाढदिवसाला येण्याचे अगत्याचे आमंत्रण करते. मजकूर लेखनिकाने लिहिलेला. पण शेवटच्या मायेच्या ओळी तिने स्वतः आपल्या हाताने घातल्या आहेत. परमुलखात, थंडीवाऱ्यात, माहेरच्या माणसांपासून शेकडो कोस दूर असलेल्या बाईला वाढदिवसाला कोणीतरी आपले माणूस हवे होते. बाईच्या हातचे लॅटिन अक्षर म्हणून जे अगदी जुने नमुने उरले आहेत, त्यांत या ओळी मोडतात.

मग ख्रिस्ती लोकांनी या हौसेकडे पाठ का फिरवली? त्याला कारणे होती. बायबलात वाढदिवसाच्या मेजवान्यांची दोन प्रसिद्ध वर्णने येतात. एकीत मिसरचा राजा फारो आपल्या भटारखान्याच्या मुख्याला फासावर देतो. दुसरीत हेरोद राजाच्या वाढदिवशी नाच होतो आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे मस्तक तबकात घालून आणले जाते. तिसऱ्या शतकातील ओरिजेन या विद्वानाने यावर बोट ठेवून म्हटले की, पवित्र ग्रंथात वाढदिवस साजरे करतात ते पापी लोकच. शिवाय सम्राटाचा वाढदिवस म्हणजे सम्राटाला देव मानून धूप जाळण्याचा दिवस, आणि तो धूप जाळावयास नकार दिला म्हणून कित्येकांची मुंडकी उडालेली. ज्या दिवसाने आपली माणसे नेली त्याचे कौतुक कोण करील?

पण शब्द मात्र त्यांनी टाकला नाही. त्यांनी त्याचा अर्थ उलटा केला. दुसऱ्या शतकात स्मर्ना शहराचा वृद्ध बिशप पॉलिकार्प याला जिवंत जाळण्यात आले. त्या प्रसंगाचा वृत्तान्त तेथल्या मंडळींनी दुसऱ्या गावच्या मंडळींना लिहून कळवला. त्यात ते सांगतात की, उरलेल्या अस्थी आम्ही गोळा केल्या आहेत आणि दरवर्षी तेथे जमून त्याच्या हौतात्म्याचा 'जन्मदिवस' आनंदाने करणार आहोत. म्हणजे ज्या दिवशी तो मेला त्या दिवशी तो जन्मला! पुढे रोममध्ये हुतात्म्यांच्या याद्या तयार झाल्या, त्यांतही मरणाच्या तारखेला 'नातालिस' हाच शब्द पडला. पॉलिकार्पचा दिवस २३ फेब्रुवारी, हिवाळ्याच्या शेवटचा.

या नियमाला मोठा अपवाद एकच. इ.स. ३५४ साली रोममध्ये संकलित झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथात हुतात्म्यांच्या यादीच्या अगदी आरंभी २५ डिसेंबर ही तारीख येते आणि बेथलेहेमात ख्रिस्ताचा जन्म झाल्याची नोंद येते. मरणाच्या तारखांच्या यादीला जन्माच्या तारखेने सुरुवात! कॅथलिक पंचांगात पुढे आणखी दोनच जन्म ठळकपणे आले: २४ जूनला योहानाचा आणि ८ सप्टेंबरला मारियेचा. गोव्यात २४ जूनला सांजावची पोरे भरलेल्या विहिरींत उड्या घेतात आणि मुंबईत वांद्र्याची जत्रा ८ सप्टेंबरच्या आसपास भरते, त्या या जन्मांच्या. आणि मारियेचा जन्म ८ सप्टेंबरचा, म्हणून तिच्या गर्भसंभवाचा सण बरोबर नऊ महिने आधी, ८ डिसेंबरला. पणजीच्या टेकडीवरील पांढऱ्याशुभ्र चर्चचे फेस्त ते हेच. पंचांग रचणारे पाद्री असतील. पण हिशेब मात्र घरातल्या जाणत्या बाईचा आहे.

हा घरगुती हिशेब एकदा लक्षात आला की सबंध हिवाळ्याचे कॅथलिक पंचांग आपल्या ओळखीचे वाटू लागते. २५ डिसेंबरला मूल जन्मले. आठव्या दिवशी, १ जानेवारीला, त्याची सुंता होऊन त्याला नाव मिळाले. म्हणजे आपल्या शब्दांत बारसे. ६ जानेवारीला पूर्वेकडचे तीन पाहुणे आहेर घेऊन बाळ पाहायला आले. आणि चाळिसाव्या दिवशी, २ फेब्रुवारीला, आई शुद्ध होऊन मुलाला घेऊन देवळात गेली. त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्या मंत्रून घरोघरी नेतात. जन्म, बारसे, बाळंतविडा आणि सव्वा महिन्याने बाळंतिणीचे देवदर्शन! १ जानेवारीच्या सणाचे नाव पुढे बदलले. १९६९ च्या सुधारणेपासून तो देवमाता मारियेचा दिवस म्हणून पाळला जातो. पण क्रम तोच राहिला. बाहेर कडाक्याची थंडी असताना आत एका घरात बाळंतपण चालले आहे, आणि सारे गाव त्यात सामील आहे.

आणि या बाळंतपणाच्या अगदी कुशीत मरणाच्या तारखा आहेत. नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दगडांनी ठेचून मारल्या गेलेल्या स्तेफनाचा दिवस. २८ डिसेंबरला हेरोदाने मारलेल्या बालकांचा. आपल्याला वाटेल, मेजवानीच्या ताटावर हे काय अभद्र वाढून ठेवले! पण 'नातालिस'चा उलटा अर्थ ज्यांना ठाऊक होता त्यांना त्यात विसंगती दिसली नाही. पहिल्या दिवशी देव माणसांत जन्मला, दुसऱ्या दिवशी एक माणूस देवाघरी जन्मला. त्यांच्या हिशेबी ही एकाच घरची दोन बारशी होती.

आता चर्चमधून घरात येऊ. घरातल्या मुलाचा यात कोणता दिवस? १५४५ ते १५६३ या काळात त्रेंत येथे मोठी धर्मसभा भरली. तिने लग्नांच्या नोंदवह्या ठेवण्याचा दंडक घातला, बाप्तिस्म्याच्याही नोंदी होऊ लागल्या. आणि १५६६ च्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात सांगितले की, मुलाला नाव ठेवायचे ते एखाद्या संताचे ठेवावे, म्हणजे त्याच्यापुढे एक उदाहरण राहील आणि पाठीशी एक वकील. मग नावाबरोबर त्या संताचा दिवसही मुलाला मिळाला. गरीब घरात तारीख लक्षात ठेवण्याची गरजच उरली नाही. चर्चची घंटा वाजली, पाद्र्याने नाव उच्चारले, की घरातल्या त्या नावाच्या माणसाला कळे, आज आपला दिवस.

ही पद्धत जिच्या अंगी अगदी मुरली अशी जात म्हणजे पोलिश. पोलंडमध्ये मोठ्या माणसाचा वाढदिवस एक वेळ विसरला तर चालते. नावाचा दिवस विसरलात तर तो रुसलाच म्हणून समजा. वाढदिवस एकट्याचा असतो, पण नावाचा दिवस गावातल्या त्या नावाच्या सगळ्यांचा. हिवाळ्यात तर रांगच लागते. ४ डिसेंबरला बार्बरा. मडगावच्या म्हातारीचा दिवस तो हाच. बार्बरा ही खाणकामगारांची पाठीराखी. त्या दिवशी चेरीची एक निष्पर्ण डहाळी तोडून उबदार खोलीत पाण्यात ठेवायची. ती नाताळापर्यंत फुलली तर वर्ष शुभ. ६ डिसेंबरला संत निकोलस मुलांना भेटी ठेवून जातो. १३ डिसेंबरला लूसी. त्या दिवशी क्रोएशियात बशीत गहू पेरतात आणि नाताळापर्यंत वर आलेले ते हिरवे कोंब मेजावर मांडतात. आपल्या घटाशेजारची हिरवी रोपे ज्याने पाहिली आहेत त्याला ती बशी वेगळी ओळखावी लागणार नाही. आणि २४ डिसेंबर हा आदम आणि हव्वा या नावांचा दिवस. तेव्हा पोलंडमध्ये ज्या घरात एखादी एवा असेल त्या घरात नाताळाची पूर्वसंध्या आणि तिचा दिवस एकाच ताटात.

त्या संध्याकाळी पोलिश घरात पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी जेवत नाही. मेजावरच्या चादरीखाली थोडे वाळले गवत पसरतात. बाळाचा जन्म गोठ्यातला ना! मग कागदासारखी पातळ पोळी हाती घेऊन प्रत्येक जण दुसऱ्याच्या पोळीचा तुकडा मोडतो आणि वर्षाचे रुसवेफुगवे तेथे संपवतो. एक ताट जास्त मांडलेले असते. कोणी अवचित पाहुणा आला तर त्याच्यासाठी. आणि कित्येक घरांत, जो आता येणार नाही त्याच्यासाठी. १७९५ पासून १९१८ पर्यंत पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. त्या सव्वाशे वर्षांत घरातली भाषा, घरातली गाणी आणि घरातले हे दिवस एवढेच त्या लोकांच्या हाती होते. देश गेला, दिवस राहिले. १९६९ साली रोमने पंचांग तपासून बार्बरेचा दिवस सार्वत्रिक यादीतून वगळला. तरी खाणीतल्या माणसांनी तो सोडला नाही. घरचे पंचांग राजधानीहून चालत नाही.

या पोलिश घरांचा आपल्या मातीशी एक खराखुरा संबंध आहे, तो येथेच सांगितला पाहिजे. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री, ऐन हिवाळ्यात, सोव्हिएत सैनिकांनी पूर्व पोलंडमधील घरांची दारे ठोठावली आणि कुटुंबेच्या कुटुंबे गाड्यांत भरून सैबेरियाकडे नेली. अशा अनेक लाटा पुढे आल्या. त्यांतून जी वाचली, ती इराणमार्गे निरनिराळ्या देशांत विखुरली. जामनगरजवळ बालाचडीला नवानगरच्या जामसाहेबांनी पोलिश मुलांना आसरा दिला. आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची एक वसाहतच उभी राहिली. बहुतेक बायका आणि मुले. तेथे त्यांची शाळा होती, चर्च होते, आणि हिवाळ्यात ओळीने येणारे ते दिवस होते: ४ डिसेंबर, ६ डिसेंबर, २४ डिसेंबर. कोल्हापूरच्या डिसेंबरात बर्फ नाही, चेरीची डहाळी नाही. पण पहिली चांदणी पंचगंगेकाठीही उगवते. त्या पाच वर्षांत तेथे जी माणसे निवर्तली त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. उरलेली पुढे इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात, कॅनडात, पोलंडमध्ये पांगली. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टात भारताचे पंतप्रधान तेथे जाऊन नतमस्तक झाले.

सैबेरियाच्या वाटेवर जे गेले, त्यांतल्या कित्येकांच्या मरणाची तारीख कोणी टिपून ठेवायची? ज्याची तारीखच नाही त्याचा दिवस कोणता? जुन्या पंचांगाने याचेही उत्तर देऊन ठेवले आहे. हिवाळ्याच्या उंबरठ्यावर, २ नोव्हेंबरला, सर्व मृतांचा दिवस येतो. क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने सुमारे हजार वर्षांपूर्वी तो आपल्या मठांत सुरू केला आणि तेथून तो सगळीकडे गेला. पोलंडची स्मशाने नोव्हेंबरच्या त्या पहिल्या दिवसांत रात्रभर दिव्यांनी उजळलेली असतात. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी आपण सर्वपित्री अमावास्या राखून ठेवली आहे. पाहा, गरज एक की उपायही एकच सुचतो.

मग मेणबत्त्या लावलेला केकचा वाढदिवस आला कोठून? तो आला मुख्यतः जर्मनीकडून. सोळाव्या शतकात ल्यूथरच्या अनुयायांनी संतांचे दिवस बाजूला सारले. तेव्हा त्या घरांत नावाच्या दिवसाची जागा रिकामी पडली आणि जन्माच्या दिवसाने ती हळूहळू भरून काढली. १७४६ साली काउंट झिन्झेनडोर्फ या प्रॉटेस्टंट सरदाराच्या वाढदिवशी भट्टीत मावेल एवढा मोठा केक करून वयाच्या वर्षांइतक्या मेणबत्त्या त्यात खोचल्याचे वर्णन मिळते. मुलाबाळांच्या कौतुकाची ही रीत एकोणिसाव्या शतकात युरोपभर आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे पोचली. नोंदवह्या आल्या, शाळांचे दाखले आले, आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक तारीख चिकटली. आता कॅथलिक काय, हिंदू काय, पोरांना केक हवाच. घरची आजी आधी ओवाळून घेते, निरांजन लावते. मग पोर मेणबत्त्या विझवते. एका दिवसात दोन्ही होऊन जाते आणि कोणाचे बिघडत नाही.

गोव्याची गोष्ट मात्र इतकी गोड नाही, आणि ती गोड करून सांगणे बरे नव्हे. तेथे नाव बदलणे म्हणजे पुष्कळदा घराचे सारे पंचांगच बदलणे होते. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसले. १७३६ च्या तिच्या हुकूमनाम्यात नवख्रिस्ती घरांनी काय काय करावयाचे नाही याची लांबलचक जंत्री आहे. अंगणात तुळस असता कामा नये. मूल जन्मल्यावर सहाव्या दिवशीचे सोहळे करता कामा नयेत. सटवी बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते म्हणून ज्या रात्री घरच्या बायका दिवा लावून जागत, ती रात्रही हुकमाने विझवायची होती. मनाई वारंवार करावी लागते ती जी गोष्ट लोक सोडीत नाहीत तिचीच. दोनशे वर्षे ख्रिस्ती होऊन गेल्यावरही बाया पाळण्यापाशी जागत होत्या, याचा पुरावा त्या हुकुमानेच जपून ठेवला. १८१२ साली इन्क्विझिशन कायमचे उठले.

याच गोव्यात दुसरीही एक गोष्ट घडली. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी शिकून ख्रिस्ताच्या जन्माची कथा ओवीत बांधली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेवरच घाव घातला. पण मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी पुराणाच्या हस्तलिखित प्रती सांभाळल्या, आणि १९०७ साली मंगळूरला ते जोसेफ साल्ढाणा यांनी पुन्हा छापून काढले. ग्रंथ जिवंत राहिला तो घरांतल्या पेट्यांमुळे.

आणि संत? हिवाळ्यात कोकणपट्टीवर आणखी दोन मरणतिथ्या येतात, आणि त्या दोन्ही आपल्या माणसांच्या. १६५१ साली बाणावलीस जन्मलेला जोसेफ वाझ श्रीलंकेत कँडी येथे १६ जानेवारी १७११ रोजी गेला. १४ जानेवारी २०१५ ला त्याला संतपद मिळाले. दुसरा वसईचा गोन्सालो गार्सिया. जपानात नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर चढवले. १८६२ साली तो संत ठरला. त्याच्या जन्माचे साल १५५६ च्या सुमाराचे असे मोघम सांगावे लागते. मरणाचा दिवस मात्र पक्का. वसईच्या आयाबायांनी शतकानुशतके पोरांची नावे 'गोन्सालो' ठेवली, ती या दिवसाच्या भरवशावर.

मडगावच्या त्या शेजारघरात मी हे दिवस जवळून पाहिले. घरातल्या वाढदिवसाला किंवा नावाच्या दिवसाला संध्याकाळी कोनाड्यातल्या वेदीपुढे मेणबत्त्या लागत, आळीतले दहावीस लोक जमत आणि लदीन होई. लदीन म्हणजे संतांची नावे एकामागून एक घेत म्हटलेली प्रार्थनामाळ. कोणी व्हायोलिन वाजवी. शेवटी उकडलेले चणे वाटले जात आणि थोरांना पेलाभर फेणी. त्या नावांच्या माळेत घरातील गेलेल्यांसाठीही एक प्रार्थना असे. ज्याचा वाढदिवस तो पोर चण्यांकडे डोळे लावून ती मुकाट्याने म्हणत असे. जिवंतांचा दिवस मृतांना वगळून होत नसे. नाताळात मग आमच्या दारी कागदाने झाकलेले ताट येई: दोदोल, बिबिंक, कुलकुल आणि नेवऱ्या. महिना-दीड महिन्यापूर्वी आमच्याकडून दिवाळीच्या फराळाचे ताट तिकडे गेलेले असे, आणि त्यात करंज्या असत. नेवरी आणि करंजी यांत फरक काय तो नावाचा.

ती म्हातारी एका जानेवारीत गेली. सातव्या दिवशी चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली, तेव्हा मीही जाऊन मागच्या बाकावर बसलो. घरी आल्यावर जुन्या वहीत तिच्या नावापुढे तो दिवस लिहून ठेवला. जन्माचा दिवस तिने सांगितलेला होता, नावाचाही सांगितलेला होता. तिसरा राहिला होता तो आता मिळाला. मग वहीची पाने मागे उलटली. आमच्या आजीच्या नावापुढे श्राद्धाची तिथी होती, आणि जन्माची जागा रिकामी. इन्फ्लुएंझाचे साल म्हणजे १९१८, आणि आषाढी एकादशीचा दुसरा दिवस: जुने पंचांग मिळाले तर तारीख निघायला वेळ लागणार नव्हता. पण मी ती काढली नाही. तिने सांगितले होते तेच, तिच्याच शब्दांत, तेथे लिहून ठेवले. यंदा दिवाळीच्या सुट्टीत सारी भावंडे एकत्र जमतील तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना आपणही एकदा विचारून पाहा. तारीख नाही सांगता आली तरी दिवस त्यांच्या नक्की ध्यानात असेल.